मनूची घागर

फोंड्याला माझ्या घराला लागूनच माझी कचेरी आहे. तेथे येणारा नवा अशील खुर्चीवर बसतो, कागदांची पिशवी मांडीवर घेतो, आणि आपले गाऱ्हाणे सांगायला तोंड उघडतो न उघडतो तोच त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते. माझ्या पाठीमागे कायद्याची पुस्तके कपाटभर मांडलेली आहेत. परंतु ती पाहून कोणी थक्क झाल्याचे मला स्मरत नाही. थक्क करते ती कपाटाशेजारची पाच फूट लांबीची काचपेटी. तिच्यातील खाऱ्या पाण्यात एक मासा जवळजवळ निश्चल उभा असतो. तांबूस आणि पांढऱ्या पट्ट्यांचे अंग, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे उलगडलेले पर, आणि पाठीवर दशावतारी खेळातल्या राजाच्या मुकुटाला शोभतील असे लांब काटे. इंग्रजीत त्याला लायनफिश म्हणतात. मी त्याला सिंहमत्स्य म्हणतो. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध पुरोहितांनी त्याला प्रथम पाहिले तेव्हा ते कौतुकाने हात जोडून म्हणाले, “वकीलसाहेब, पहिला अवतार आणि चौथा अवतार तुम्ही एकाच पाण्यात ठेवलात की!”

या माशाला मी गेली तीन वर्षे सांभाळतो आहे. त्याला खाऊ कसे घालावे हे शिकण्यात मात्र त्यांतील जवळजवळ एक वर्ष गेले. आणि ते शिकताना माझ्यावर माझ्याच घरात एक खटला चालला. वकिलाने आपण हरलेल्या खटल्याची हकीकत सहसा लिहू नये असा आमच्या धंद्यातला संकेत आहे. तो मोडून मी आज लिहीत आहे.

खाऱ्या पाण्यातला मासा घरी ठेवायचा म्हणजे प्रथम समुद्र तयार करावा लागतो. गोव्यात राहणाऱ्या माणसाने समुद्र विकत आणावा याचे लोकांना हसू येते. परंतु किनाऱ्यालगतच्या पाण्यात काय काय मिसळलेले असते ते आपण जाणतोच. शिवाय पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी यांच्या मुखाशी पाण्याचा खारटपणा फार उतरतो. म्हणून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात तयार मिळणारे सागरी क्षार विरघळवायचे. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. माझी पेटी साडेपाचशे लिटरांची. पहिल्याच दिवशी १९ किलोंहून अधिक मीठ लागले. दाराशी उतरलेल्या त्या पिशव्या पाहून आई म्हणाली, “इतलें मीठ! लोणचें घालता काय कितें?”

पाणी तयार झाले तरी मासा लगेच सोडता येत नाही. माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया साठतो; तो माशाला विषासमान. त्या अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे पुष्कळसे निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव वाळूत, दगडांवर आणि गाळणीत वस्तीला यावे लागतात. या कामाला पाच-सहा आठवडे लागतात. विरजण लावलेल्या दुधाचे झाकण घटकेघटकेला उघडून पाहिल्याने जसे दही लवकर लागत नाही, तसेच हे. मी पाच आठवडे रिकाम्या पाण्यासमोर बसून काढले, आणि मग एके दिवशी दुसऱ्या शहरातील एका दुकानातून प्लॅस्टिकच्या फुगीर पिशवीत, चार बोटे लांबीचा, आमचा पाहुणा आला. तो कोणत्या समुद्रातून पकडून आणला हे दुकानदाराला सांगता आले नाही. एक गोष्ट मात्र त्याने बजावून सांगितली: “याला जिवंतच मासे घाला. मेलेल्याला हा तोंड लावणार नाही.”

मी या माशाविषयी मिळेल ते वाचले. लिनीअसने १७५८ साली ज्याला नाव दिले तो सिंहमत्स्य आज टेरॉइस व्हॉलिटन्स म्हणून ओळखला जातो आणि मुख्यतः पश्चिम प्रशांत महासागरात राहतो. त्याचा सख्खा भाऊ शोभावा असा टेरॉइस माइल्स आपल्या हिंदी महासागरातला. दोघांच्याही अंगावर विषाचे अठरा काटे असतात: पाठीवर तेरा, पोटाखाली दोन आणि शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूस तीन. मोठे पंख दिसायला भयंकर, पण त्यांत विष नाही. काट्यांच्या खोबणीतील विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने ते निकामी होते. म्हणून काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. आमच्या घरात हा नियम मुलालासुद्धा पाठ आहे. परंतु मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की हे काटे तो शिकारीसाठी कधी वापरत नाही. त्याचे शस्त्र केवळ स्वसंरक्षणार्थ आहे. परवान्यावर लिहितात तसे.

शिकार तो अगदी निराळ्या रीतीने करतो. त्याची वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची. दोन्ही पंख पसरून तो इतका सावकाश पुढे सरकतो की तो हलतो आहे की पाणी, हे कळू नये. पंखांच्या आडोशाने तो लहान माशाला कोपऱ्याकडे रेटीत नेतो. कधी कधी तो तोंडाने पाण्याची बारीक धार त्याच्या दिशेने सोडतो. त्या प्रवाहाला तोंड देण्यासाठी लहान मासा वळतो आणि नेमका शत्रूसमोर येतो. त्यानंतरचे डोळ्यांना दिसत नाही. सिंहमत्स्याचे तोंड उघडते, पाणी आत ओढले जाते, आणि क्षणापूर्वी जेथे मासा होता तेथे नुसते पाणी असते. चावणे नाही, फाडणे नाही, रक्त नाही.

दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे मी गप्पी मासे आणू लागलो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडतात तेच. दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी डझनभर. खाऱ्या पाण्यात पडताच ते पृष्ठभागाशी एका कोपऱ्यात गोळा होत आणि काचेला तोंडे लावून थरथरत राहत. समुद्रात लहान माशाला दगडाची कपार असते, प्रवाळाची फट असते, पळून जायला सगळा समुद्र असतो. माझ्या पेटीत मी दगड मांडले होते ते मोठ्या माशाला शोभतील असे.

हळूहळू शनिवारच्या संध्याकाळला एक स्वरूप आले. प्रथम शेजारचे डॉक्टर आले, मग माझे दोन व्यवसायबंधू, मग त्यांचे पाहुणे. आठ वाजता खोलीतले दिवे मालवायचे, पेटीवरचा निळा दिवा तेवढा ठेवायचा, खुर्च्या अर्धवर्तुळात मांडायच्या. चहा यायचा. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. पिशवीतले गप्पी पाण्यात सोडण्याचा मान त्याचा. मीही थोडे निवेदन करीत असे. कोर्टात मला क्वचितच लाभणारी शांतता आणि एकाग्रता त्या प्रेक्षकांत असे, आणि मासा गिळला गेला की सर्वांच्या तोंडून एकदम जो उद्गार निघे त्यात माझाही काही वाटा आहे असे मला वाटत असे.

आईने पहिल्या शनिवारी दारात उभे राहून हा प्रकार पाहिला. त्यानंतर ती शनिवारी संध्याकाळी देवघरात बसू लागली. तिने विरोध केला नाही. वकिलाच्या घरात आयुष्य घालवलेल्या बायकांना एक गोष्ट ठाऊक असते: विरोध केला की युक्तिवाद सुरू होतो.

मुलाचे मात्र मी पाहत होतो, आणि पाहूनही पाहत नव्हतो. पहिल्या आठवड्यात त्याने प्रत्येक गप्पीला एकेक नाव दिले. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला विचारले, शेपटीवर ठिपका असलेला तेवढा बाजूला ठेवता येईल का. तिसऱ्या आठवड्यात नावे बंद झाली आणि तो मोजू लागला. चौथ्या महिन्यात तो पैज लावीत असे: आधी कोणता जाईल, डावीकडचा की उजवीकडचा? त्याचा अंदाज बहुधा बरोबर येई, आणि सगळे त्याची पाठ थोपटीत. मीदेखील थोपटली आहे.

माझी आई बांदिवड्याची. दर सोमवारी ती नागेशीला जाते. श्रीनागेशाचे दर्शन झाले की देवळापुढच्या तळीच्या पायऱ्यांवर ती थोडा वेळ बसते आणि पदरात बांधून आणलेले मूठभर चुरमुरे माशांना टाकते. माडांच्या छाया पडलेल्या त्या हिरव्या पाण्यात मासे जमतात, तोंडे उघडतात, आणि चुरमुरे संपले की जातात. लहानपणी मी तिच्याबरोबर त्या पायऱ्यांवर बसलेला आहे. एका सोमवारी मुलाला शाळेला सुटी होती म्हणून ती त्याला घेऊन गेली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती माझ्या कचेरीत आली. ती तेथे सहसा येत नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितले, की तळीवर मुलाने ते मासे बराच वेळ पाहिले आणि मग तिला विचारले, “आजे, हें नुस्तें कोणाक घालपाचें?” हे मासे कोणाला खाऊ घालायचे, असे. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, “मारप आनी मारून दाखोवप एक न्हय, पुता.” आणि ती गेली.

मारणे आणि मारून दाखवणे एक नव्हे. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नंतर केवळ सवयीने पाठीमागच्या कपाटातून एक पुस्तक काढले. प्राण्यांना क्लेश देण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्यातल्या दुसऱ्या कलमात प्राणी या शब्दाची व्याख्या आहे: मनुष्येतर कोणताही सजीव. म्हणजे मासाही. अकराव्या कलमात क्रूरतेच्या कृत्यांची यादी आहे, आणि त्या यादीत एक कृत्य असे: केवळ करमणुकीच्या हेतूने एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावे अशा रीतीने कोंडून ठेवणे. मी हे कलम विद्यार्थिदशेत वाचले होते. तेव्हा डोळ्यांपुढे आले होते ते वाघापुढे बांधलेले बोकड. काचेच्या पेटीतील गप्पी तेव्हा डोळ्यांपुढे आले नव्हते.

त्या रात्री मी आरोपीच्या पिंजऱ्यातही उभा होतो आणि त्याचे वकीलपत्रही माझ्याकडेच होते. बचावाचा मुद्दा उघड होता. कायद्यात “केवळ करमणुकीच्या हेतूने” असे शब्द आहेत. माझा हेतू केवळ करमणुकीचा नव्हता. माशाला अन्न देण्याचाही होता. मुद्दा वाईट नाही. एखाद्या न्यायासनासमोर कदाचित टिकलाही असता. पण मग उलटतपासणी सुरू झाली. आठची वेळ कोणी ठरवली? माशाने? खुर्च्या कोणासाठी मांडल्या? दिवे का मालवले? चहा कोणी सांगितला? आणि निवेदन कोण करीत होते? मला उत्तरे सुचेनात. या गुन्ह्याला १९६० च्या त्या कायद्याने प्रथम ठेवलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा होता. एवढ्या रकमेचे तर मी दर शनिवारी चहाबरोबर बिस्किटेच मागवीत होतो.

दुसरा बचाव अधिक कठीण होता, कारण तो खरा होता. आम्ही स्वतः मासे खातो. सोमवार, एकादशी आणि श्रावण वगळला तर आमच्या घरात हुमणाशिवाय जेवण होत नाही. ज्या हाताने आई तळीत चुरमुरे टाकते त्याच हाताने ती मंगळवारी बांगडे कापते. मग गप्पींचा एवढा कळवळा कशासाठी? हा प्रश्न मी टाळला नाही. त्याचे जे उत्तर मला मिळाले ते असे, की आईच्या मंगळवारच्या बांगड्यांभोवती कोणी खुर्च्या मांडून बसत नाही. ती मासा कापते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ना हर्ष असतो ना खेद, काम असते. भूक भागवण्यासाठी जीव घेणे ही या जगाची रीत आहे, आणि सिंहमत्स्याला तर त्यातून सुटकाच नाही. त्याला आपण शिवराक करू शकत नाही. त्याच्याकडे निवड नाही, म्हणून त्याच्याकडे दोषही नाही. निवड माझ्याकडे होती.

आपल्या शास्त्रकारांनी माशांवरून एक शब्द घेतला आहे: मत्स्यन्याय. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे ही स्थिती. कौटिल्याने अर्थशास्त्रात दंडनीतीची गरज सांगताना तो वापरला. महाभारताच्या शांतिपर्वात राजा कशासाठी हवा याच्या विवेचनात तीच कल्पना आहे. राजा, दंड, न्यायालय आणि ओघाने आम्ही काळ्या डगल्याचे लोक, या सर्वांच्या अस्तित्वाचे कारण म्हणून मासे उभे केले आहेत. हे मी भाषणांतून अनेकदा सांगितले आहे. पण त्या रात्री मला आठवला तो दुसरा मासा, शतपथ ब्राह्मणातला. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा आला आणि म्हणाला, मला सांभाळ, मी तुला तारीन. लहान असेपर्यंत आम्हांला फार भय; मासाच माशाला खातो. मला आधी घागरीत ठेव. तेथे मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव. तेथेही मावेनासा झालो की समुद्रात नेऊन सोड. मनूने तसे केले, आणि पुढे प्रलयात त्याच माशाने त्याची नाव ओढून नेली.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. परंतु घरात पाण्याचे भांडे ठेवून त्यात मासा पाळण्याची आपल्या परंपरेतील ही पहिली नोंद आहे, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. मनूची घागर हेच आमचे पहिले मत्स्यपात्र. ते कशासाठी होते? लहान माशाला मोठ्यापासून वाचवण्यासाठी. आणि माझी काचपेटी? लहान माशाला मोठ्यापासून वाचण्याची जी एकमेव सोय असते, म्हणजे पळून जाणे, तीच मी काढून घेतली होती. मत्स्यन्याय समुद्रात होताच. मी त्याला तिकीट नसलेले नाटकगृह बांधून दिले.

पुढल्या शनिवारी मी खुर्च्या मांडल्या नाहीत. डॉक्टर आले, त्यांना चहा दिला; दिवे चालूच ठेवले.

परंतु खटल्याचा निकाल लागला म्हणजे आरोपीचे पोट भरते असे नाही. मासा उपाशी होता, आणि त्याला मेलेले अन्न खायला शिकवणे भाग होते. अधिक वाचले तेव्हा कळले की दुकानदाराचा सल्ला माशाच्या प्रकृतीच्या दृष्टीनेही चुकीचा होता. गोड्या पाण्यातल्या माशांत समुद्री माशाला लागणारी विशिष्ट स्निग्धद्रव्ये पुरेशी नसतात. त्यांच्यावरच वाढवलेला सिंहमत्स्य आतून पोखरला जातो. शिवाय हा मासा उपासाला घाबरणारा नाही. प्रयोगशाळेत सिंहमत्स्य तीन महिने अन्नावाचून राहिले आहेत, आणि त्यांचे वजन त्यामानाने थोडेच घटले. मिळेल तेव्हा भरपूर खावे आणि न मिळेल तेव्हा वाट पाहावी अशीच त्याची घडण आहे. त्याचे पोट तीसपट फुगू शकते असे म्हणतात.

मी बाजारातून सुंगटे आणली. ती गोठवून, मग पेटीतल्याच पाण्यात वाटीत ठेवून नरम केली, टोकदार भाग काढून लहान तुकडे केले, आणि एका लांब पारदर्शक काठीच्या टोकाला अडकवून तुकडा माशासमोर नेला. तो हलवावा लागतो, जिवंत आहे असे भासावे म्हणून. माशाने पाहिले आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी काठी नाचवीत होतो, आणि तो माझ्याकडे एखादा अनुभवी न्यायाधीश उतावळ्या नवख्या वकिलाकडे पाहतो तसा पाहत होता. तुकडे खाली पडत. ते कुजून पाणी बिघडू नये म्हणून लगेच काढावे लागत.

नवव्या दिवशी आई खोलीत आली. किती तरी महिन्यांनी ती त्या पेटीसमोर उभी राहिली होती. थोडा वेळ तिने माझी खटपट पाहिली आणि काठी माझ्या हातातून घेतली. माझे वडील शेवटच्या आजारात चार महिने अंथरुणावर होते. अन्नावरची वासना उडालेल्या माणसाला घास कसा भरवतात हे त्या घरात एकट्या तिला माहीत होते. तिने काठी नाचवली नाही. तुकडा माशाच्या तोंडासमोर नव्हे, तर जरा बाजूला, त्याच्या दृष्टीच्या कडेला नेला, किंचित हलवला आणि थांबवला. पुन्हा किंचित हलवला, आणि दूर नेला. मासा वळला. त्या दिवशी त्याने खाल्ले नाही. पण तो वळला. “घाई केली की तोंड मिटतां,” एवढेच ती म्हणाली. ते मासा पाहून म्हणाली की वडिलांना आठवून, मी विचारले नाही.

तिने रोज संध्याकाळी देवासमोर दिवा लावून झाल्यावर दहा मिनिटे असे केले. एकोणिसाव्या दिवशी तुकडा काठीवरून नाहीसा झाला. तो कसा गेला हे आम्हां कोणालाच दिसले नाही. मुलगा शेजारी उभा होता, त्याने टाळी वाजवली नाही, तो हळूच म्हणाला, “जेवला.” गिळला नव्हे, मारला नव्हे, जेवला. तो शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता.

यानंतर माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि तीही तितकीच मानवी होती. मासा खातो आहे म्हटल्यावर मी त्याला खाऊ घालीतच राहिलो. सुंगटे झाली, माणक्यो झाल्या, लहान वेर्ल्यो झाल्या. एकच एक अन्न रोज नको हे योग्यच होते, पण रोज नको हेही तितकेच योग्य होते. मी कचेरीत शिरलो की तो काचेपाशी येई, पंख हलवी, आणि माझ्या पायांच्या हालचालींबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे. अशिलांच्या कृतज्ञतेची फारशी सवय नसलेल्या माणसाला हे पाहून विरघळायला वेळ लागत नाही. महिन्याभरात तो फुगला, मंदावला, दिवसेंदिवस तळाशी बसून राहू लागला. सिंहमत्स्य समुद्रात उपासाने जितके मरत नसतील तितके घरांत अतिभोजनाने मरतात असे वाटावे, इतक्या वेळा मी ती सूचना वाचली होती: यकृतावर चरबी साठते आणि मासा जातो. वाढ झालेल्या माशाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा अन्न पुरे. वाचले होते, पण काचेपलीकडचे ते डोळे पाहिले की आठवत नसे.

आईनेच पुन्हा निकाल दिला. “मोगान दिल्लें सगळेंच पचना.” प्रेमाने दिलेले सगळेच पचत नाही. तिने वार ठरवून दिले: बुधवार, शुक्रवार, रविवार. आणि सोमवार? सोमवारी आमच्या घरात नुस्ते शिजत नाही, शीतकपाटातील त्याचा डबासुद्धा त्या दिवशी कोणी बाहेर काढायचा नाही. त्यामुळे आज फोंड्यात बहुधा हा एकच मासा असा आहे जो सोमवार पाळतो. दोन महिन्यांत तो पूर्वीसारखा हलका झाला आणि पंख पसरून पाण्याच्या मध्यभागी उभा राहू लागला. आता तो वीतभराहून मोठा झाला आहे.

मनूच्या कथेतील तिसरी पायरी मात्र मला बंद आहे. मासा मोठा झाला म्हणजे त्याला समुद्रात सोडावे, हे मनूला शोभले. मला शोभणार नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राने सुचवले होते, कंटाळा आला तर मिरामारला नेऊन सोड. त्याला मी अटलांटिक महासागराची गोष्ट सांगतो. त्या महासागरात सिंहमत्स्य मुळात नव्हता. १९८५ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत तो प्रथम दिसला. तो तेथे पोचला तो हौशी लोकांच्या पेट्यांतून, असे मानले जाते. कोणी तरी कंटाळले असतील, कोणाला तरी दया आली असेल. सन २००० नंतर तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बहामा बेटांत आणि कॅरिबियन समुद्रात सर्वत्र पसरला. तेथील लहान माशांना या पट्ट्यापट्ट्यांच्या पंख्याचे भय ठाऊक नव्हते आणि त्याला खाणारे फारसे कोणी नव्हते. एका मादीची अंडी वर्षाकाठी वीस लाखांच्या घरात. बहामातील खडकांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जेथे सिंहमत्स्य ठेवला तेथे पाच आठवड्यांत नव्याने वस्तीला येणाऱ्या स्थानिक माशांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. दंड नसलेल्या राज्याचे वर्णन शास्त्रकारांनी केले ते याहून निराळे नाही. अखेर तेथील सरकारी खात्यांनी लोकांना हा मासा मारून खाण्याचे आवाहन केले. काटे काढले की त्याचे मांस निर्धोक असते. मी हे आईला सांगितले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही. “बरें आसा. हुमण करचें,” ती म्हणाली, आणि मग पेटीकडे पाहून जरा ओशाळली.

माझा मासा कोणत्या समुद्रातला हे मला ठाऊक नाही. म्हणून तो कोणत्याच समुद्राला परत करता येत नाही. हे मासे दहा-पंधरा वर्षे जगतात. म्हणजे मी पन्नाशी ओलांडेन, मुलगा कदाचित शिकायला परगावी जाईल, आणि तोवर कोणी तरी दर आठवड्याला पाणी बदलायचे, क्षार मोजायचे, सुंगटे सोलायची. मासा आणताना मी हा हिशेब केला नव्हता. आश्रिताची जबाबदारी वकीलपत्रासारखी नसते. मधेच अर्ज देऊन मोकळे होता येत नाही.

परवाच्या सोमवारी एक जुने स्नेही बऱ्याच दिवसांनी आले. त्यांना ते शनिवार आठवत होते. “तो तमाशा अजून दाखवता की नाही?” त्यांनी हसत विचारले. मी उत्तर शोधीत होतो. इतक्यात आई नागेशीहून परतली. हातात रिकामी पिशवी, कपाळावर अंगारा. ती खोलीतून आत जाऊ लागली तसा मासा काचेपाशी आला आणि तिच्याबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. ती थांबली, वाकली, आणि एखाद्या हट्टी नातवाची समजूत घालावी तसे त्याला म्हणाली, “आयज सोमार न्हय रे? फाल्यां ना, परवां.” मग पेटीवरचा दिवा मालवून ती देवघराकडे गेली.

मी स्नेह्यांना म्हटले, “बुधवारी या. पण पाहायला काही नसते. तो जेवतो, एवढेच.”